मातीतले पैलवान खाशाबा जाधव

स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक मिळवून दिलं ते सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधव यांनी. जन्म १५ जानेवारी १९२६.

आपल्याकडे दंगल होते ती मातीत. समोरच्याची पाठ टेकली की निकाल. ऑलिंपिकची कुस्ती गादीवर होते, तिला मॅट म्हणतात. तिथं वेळ ठरलेली असते. कोणीच चीत झालं नाही तर पंच निकाल देतात. १९४८ साली खाशाबा लंडनला गेले तेव्हा त्यांना मॅटची सवयच नव्हती. तरी सहावा नंबर आला! मला तर हेच मोठं वाटतं.

१९५२ साली फिनलंड देशातल्या हेलसिंकीला जायचं होतं, पण पैसे कुठले? गावानं वर्गणी काढली. त्यांच्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर राहतं घर गहाण टाकून ७००० रुपये दिले. तिथं खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे पैलवान हरवले नि कांस्यपदक आणलं. कऱ्हाडहून गावापर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. म्हणजे पोळाच की!

नंतर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या मारल्या आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. तसं पदक देशाला पुन्हा मिळालं १९९६ साली, टेनिसमध्ये लिअँडर पेसला. खाशाबा १९८४ साली अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार त्यांना जिवंतपणी मिळाला नाही, मागून दिला.