विद्यार्थ्याचे सुख आणि काळ

भिलाईच्या पोलाद कारखान्यात नुकताच घडविलेला रूळ तप्त लाल असतो. त्याची उष्णता प्रथम झपाट्याने उतरते, मग सावकाश, आणि अखेरीस तो भोवतालच्या हवेइतकाच उष्ण राहतो. मनुष्याच्या सुखाचेही काहीसे असेच होते.

या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. कारखान्याभोवती वाढलेल्या या नगरात पुढे उच्च शिक्षणाच्याही सोयी झाल्या. २००५ साली तेथे स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ व २०१६ साली आय.आय.टी. स्थापन झाली. अशा संस्थांत प्रवेश मिळावा म्हणून मुले वर्षानुवर्षे कष्टतात. प्रवेश मिळाला तर सुख कायमचे लाभले, न मिळाला तर जन्म वाया गेला, अशी त्यांची व त्यांच्या पालकांची समजूत असते. ती कितपत खरी आहे?

सुख मोजण्यासाठी एड डीनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली एक साधे मापन प्रसिद्ध केले. त्यात आयुष्याविषयी पाच विधाने असून प्रत्येकास १ ते ७ गुण द्यावयाचे असतात. म्हणजे बेरीज ५ ते ३५ यांच्या दरम्यान येते. एकाच विद्यार्थ्याकडून ही विधाने काही महिन्यांच्या अंतराने पुनःपुन्हा भरून घेतली, म्हणजे त्याच्या समाधानाचा चढउतार ध्यानी येतो.

१९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दोन वर्षांच्या कालावधीत अशीच पाहणी करण्यात आली. तीत असे आढळले की, बऱ्यावाईट घटनांचा समाधानावरील परिणाम मुख्यतः मागील तीन महिन्यांपुरताच असतो. त्याहून जुन्या घटनांचा ठसा बहुधा पुसट होतो. मन नव्या परिस्थितीस सरावते. यालाच अनुकूलन म्हणतात.

मात्र आपण सरावून जाऊ, हे मनुष्यास आधी उमगत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, कोणते वसतिगृह मिळाल्यास आपण किती सुखी होऊ, याचा अंदाज विद्यार्थ्यांना विचारला होता. वसतिगृहे सोडतीने वाटली जात. प्रत्यक्षात नावडत्या इमारतीत गेलेले विद्यार्थी अपेक्षेइतके दुःखी नव्हते, आणि आवडत्या इमारतीत गेलेले अपेक्षेइतके सुखीही नव्हते. अंदाज करताना त्यांनी इमारतीस फार महत्त्व दिले होते. सोबत्यांचा सहवास मात्र त्यांच्या हिशेबात फारसा आला नव्हता.

तेव्हा प्रवेशाचा आनंद पहिल्या सत्रानंतर ओसरला, तर त्यात विद्यार्थ्याचा दोष नाही. आणि अपयशाचे दुःखही बहुधा तसेच ओसरते. परंतु या नियमास मर्यादा आहेत. दीर्घ बेकारीचा व्रण पुन्हा नोकरी मिळाल्यावरही पुरता भरून येत नाही, असे आढळले आहे. म्हणून ज्याची झोप, भूक व अभ्यासातील गोडी दोन आठवडे हरपली आहे, त्यास ‘काळ जाऊ दे’ एवढेच सांगणे घातक होय. त्यास वैद्यकीय साहाय्य मिळावयास हवे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

रूळ निवून भोवतालच्या हवेइतका होतो. ती हवा बदलणे रुळाच्या हाती नसते. मनुष्याच्या हाती मात्र ते काही अंशी असते. पुरेशी झोप, खेळाचे मैदान आणि मन मोकळे करता येईल असा एखादा मित्र यांचा लाभ प्रवेशपरीक्षेच्या निकालावर अवलंबून नाही.