बेघरपणातून पुनर्वसनाकडे : पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनाचा विचार

२०११ च्या जनगणनेने बेघर कुटुंबाची जी व्याख्या स्वीकारली, तीत रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या नळांत, उड्डाणपुलाखाली, रेल्वे फलाटावर किंवा प्रार्थनास्थळाच्या आवारात उघड्यावर राहणाऱ्यांचा समावेश होतो. देशात अशा व्यक्तींची संख्या सुमारे १७.७ लाख नोंदली गेली. आंबिवली-कल्याण मार्गावर नित्य प्रवास करणाऱ्या अध्यापकांना ही यादी अपरिचित वाटू नये. मात्र माणूस रात्री कोठे झोपतो, एवढेच ही व्याख्या सांगते. छप्पर मिळाल्यानंतर विस्कटलेले आयुष्य पुन्हा कसे उभे राहते आणि त्यात धर्मश्रद्धेचा वाटा किती, हा प्रश्न प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ती सदनाच्या आधारे तपासला आहे.

या संस्थेच्या संस्थापिका पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) स्वतः बेघरपण भोगलेल्या होत्या, ही बाब चरित्रपर लेखनात त्यांच्या विद्वत्तेच्या तेजामुळे काहीशी झाकोळली जाते. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणकथन करीत सहकुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण यांचा अंत झाला. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी उत्तरेकडे गेले. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणले व मानेपर्यंत स्वतःला कोरड्या वाळूने झाकून घेतले, असे रमाबाईंनीच नोंदवले आहे. १८७८ मध्ये कलकत्त्यात ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. पण सन्मान म्हणजे आश्रय नव्हे. १८८० मध्ये बंधू आणि १८८२ मध्ये पती निवर्तले, तेव्हा पदरी तान्ही मनोरमा होती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे फुलहॅम येथील आश्रयगृहात समाजाने टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा व पुनर्वसन जोगिणी कसे करतात, हे त्यांनी पाहिले. यामागची प्रेरणा कोणती, असे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे क्रम लक्षणीय आहे : आधी आश्रयगृह दिसले, सिद्धान्त नंतर उमगला. पुढे केडगावात हाच क्रम टिकला का, हाच खरा वादाचा मुद्दा होय.

१८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले व पुढील वर्षी पुण्यास हलवलेले शारदा सदन धर्मनिरपेक्ष राहील, असे ठरले होते. तथापि रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसतात यावरून १८९३ मध्ये काहूर उठले. ‘केसरी’ने टीका केली, रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. याच सदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई हिंदूच राहिली व त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाली, हेही येथे नोंदवणे न्यायाचे ठरेल.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. सरकारी अनाथगृहांत व मदत-छावण्यांत अन्न मिळत होते, पण तरुण मुलींची अब्रू तेथे सुरक्षित नव्हती. हे पाहून त्यांनी शेकडो मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावच्या शेतजमिनीवर वसवल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विहिरी खणल्या गेल्या; शेती, गुरे, विणकाम, तेलघाणा व छापखाना सुरू झाला. काहीजणी शिक्षिका झाल्या. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवले. अत्याचारित व ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी १८९९ मध्ये कृपा सदन निघाले. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी अनुवादाची छपाई आश्रमातील स्त्रियांनीच केली. काल भिक्षा मागणाऱ्या हाताने आज खिळे जुळवावेत, यात पुनर्वसनाचा अर्थ कोणत्याही प्रवचनापेक्षा अधिक स्पष्ट होतो.

मुक्ती सदन मात्र उघडपणे ख्रिस्ती होते व तेथील अनेकींनी बाप्तिस्मा घेतला. भाकरी देणारा हात आणि दीक्षा देणारा हात एकच असेल, तर उपाशी मुलीची संमती कितपत स्वतंत्र मानावी? हा आक्षेप केवळ सनातन्यांचा म्हणून झटकता येत नाही. परंतु घरच्यांनी व जातीने ज्यांना परत घेतले नसते, त्यांना उपासनेच्या समुदायात नवे नाते मिळाले, हेही तितकेच खरे. प्रस्तुत लेखकाच्या मते श्रद्धेचे मोठे कार्य हे नाते देण्याचे होते. आणि दीक्षेची अट न घालताही ते देता येते, हे गोदूबाईंच्या उदाहरणावरून दिसते.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या २०१३ च्या निकषांनुसार दर एक लाख नागरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा कायम निवारा आणि माणशी ५० चौरस फूट जागा अपेक्षित होती. २०११ मध्ये सुमारे १२.४७ लाख लोकसंख्या असलेल्या कल्याण-डोंबिवलीस हे प्रमाण लावल्यास बारा निवारे होतात. चौरस फूट मोजता येतात. केडगावात त्या जागेबरोबर विहीर, माग, छापखाना आणि हाक मारणारे कोणीतरी होते. पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने ती संस्था आजही चालू आहे.