पैज लावून पाने टाकणे

लिमिट होल्डेम हा पोकरचा अमेरिकेत रूढ झालेला प्रकार होय. त्यात प्रत्येक खेळाडूस दोन झाकलेली पाने मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी मेजावर उघडी मांडली जातात. या सातांतील उत्तम पाच पानांवरून जयपराजय ठरतो. पैजेच्या चार फेऱ्या होतात व प्रत्येक फेरीतील रक्कम ठरलेली असते. १०-२० डॉलरच्या खेळात पहिल्या दोन फेऱ्यांत १० आणि पुढील दोन फेऱ्यांत २० डॉलर, याच मापाने पैज लावावी अथवा वाढवावी लागते.

आपणच पैज लावायची आणि प्रतिस्पर्ध्याने ती वाढवताच पाने टाकायची, हे नवख्या खेळाडूस दुबळेपणाचे वाटते. वस्तुतः त्यामागे स्पष्ट हिशेब आहे.

समजा, मेजावर एक्का, गुलाम, सत्ती, चौकी आणि दुर्री ही पाने असून त्यांत एका रंगाची तीन पाने नाहीत. खेळाडूजवळ एक्का व दश्शी आहे. डावात १२० डॉलर जमले आहेत आणि अखेरच्या फेरीत पहिली पाळी त्याची आहे. त्याने पैज न लावता प्रतिस्पर्ध्याची पैज स्वीकारली, तर हरल्यास त्याचे २० डॉलर जातील. स्वतः पैज लावून ती वाढताच त्याने पाने टाकली, तरीही २० डॉलरच जातील. मात्र हलका एक्का किंवा केवळ गुलामाची जोडी हाती असलेला सावध प्रतिस्पर्धी आपण होऊन पैज लावीत नाही. दुसऱ्याने लावलेली पैज तो बहुधा भरतो. हे जादा २० डॉलर पैज लावणाऱ्यासच मिळतात.

पैज वाढली की परिस्थिती बदलते. आता डावात १८० डॉलर असतात आणि पुढे जाण्यास आणखी २० लागतात. दहा वेळांतून एकदा जिंकण्याची शक्यता असली, तरी ते भरण्यात तोटा नाही. नऊ वेळा अचूक पाने टाकून वाचवलेले १८० डॉलर एकाच चुकीने हातचे जातात. म्हणून अखेरच्या फेरीत उगाच पैज न वाढवणाऱ्या संयमी खेळाडूसमोरच ही रीत शोभते. हुलकावणी देणाऱ्यापुढे ती घातक ठरते.

दोन खेळाडूंमधील लिमिट होल्डेमची जवळजवळ पूर्ण उकल संगणकाने केल्याचे कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली जाहीर केले. त्यांची 'सेफियस' ही आज्ञावली एकाच परिस्थितीत कधी एक, तर कधी दुसरी चाल ठराविक प्रमाणात निवडते. वाढीव पैजेपुढे नेहमीच पाने टाकणारा खेळाडू लवकरच ओळखला जातो आणि त्याला वारंवार हुसकावले जाते, हे त्यामागील एक कारण होय.

पैज लावताना जे ठाऊक होते, त्यानुसार ती योग्य होती; पाने टाकताना जे नव्याने कळले, त्यानुसार माघारही योग्य असू शकते. डावात पडलेले २० डॉलर खेळाडूचे उरलेले नसतात. ते सोडवण्याच्या हट्टाने आणखी २० टाकणे, हा हिशेब नव्हे; तो अभिमान होय.