व्यापाऱ्याचा कणा

व्यापाऱ्याचा कणा म्हणजे त्याची पत, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु ज्या हाडामांसाच्या कण्यावर ही पत पेलावयाची, त्याकडे आपले लक्ष कितीसे असते? बऱ्हाणपूरच्या धान्यबाजारात चाळीस वर्षे गादीवर बसलेल्या माणसाने हा प्रश्न विचारावा हे उचितच होय. कारण त्याचे उत्तर मला फार उशिरा आणि पुष्कळ वेदनांच्या मोलाने मिळाले.

आपला धंदा बसून करावयाचा. लोडाला रेलून, मान पुढे काढून, खतावणीवर वाकून सकाळची संध्याकाळ होते. हल्ली खतावणीच्या जागी मोबाईल आला, पण वाकणे काही गेले नाही. तीन वर्षांपूर्वी माझी कंबर अशी धरली की, सामायिकाची ४८ मिनिटे जमिनीवर बसून पुरी होईनात. ज्या दिवशी मी प्रथम खुर्चीवर सामायिक केले, त्या दिवशी जी खंत वाटली ती कोणत्या तोट्यानेही वाटली नव्हती. लेप झाले, पट्टा झाला, चोळणे झाले. अखेर सूनबाई म्हणाल्या, "बाबूजी, दुकानाचा हिशेब रोज पाहता, पाठीचा हिशेब एकदा तरी कोणाला दाखवा."

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला तपासले आणि पाठीवर निजवून, गुडघे उभे ठेवून, श्वास सोडताना बेंबी हळूच आत घ्यावयास सांगितली. तेवढ्यानेच मला घाम फुटला! या पद्धतीचे नाव पिलाटीज.

जोसेफ पिलाटीज हे गृहस्थ १८८३ साली जर्मनीत जन्मले. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना आयल ऑफ मॅन बेटावर स्थानबद्ध केले होते. १९२६ च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले व तेथेच १९६७ साली वारले. आपल्या पद्धतीस ते 'कॉन्ट्रॉलॉजी' म्हणत. म्हणजे शरीरावर मनाचा ताबा. ही कल्पना आपणांस परकी नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तर स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाभ्यासाची शास्त्रीय परीक्षा आरंभिली.

यातील मर्म धान्याच्या व्यापाऱ्यास चटकन उमगेल. ठासून भरलेले पोते उभे राहते, अर्धवट भरलेले मध्येच वाकते. आपल्या धडाचेही तसेच. वरून श्वासपटल, खालून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, पुढून व बाजूंनी पट्ट्यासारखा वेढणारा पोटाचा खोल स्नायू आणि मागून मणक्यांलगतचे बारीक स्नायू, अशा चार बाजूंनी कण्यास आधार मिळतो. निरोगी माणसाने हात उचलण्यापूर्वीच पोटाचा हा स्नायू आवळतो. कंबरदुखी असणाऱ्यांत तो उशिरा जागा होतो, असे ऑस्ट्रेलियातील हॉजेस व रिचर्डसन यांनी १९९६ साली दाखवून दिले.

तथापि मालाची खोटी तारीफ करू नये. २०१५ साली झालेल्या कॉक्रेन समीक्षेचा निष्कर्ष असा की, जुन्या कंबरदुखीत काहीच न करण्यापेक्षा पिलाटीज बरे. पण इतर व्यायामांहून ते श्रेष्ठ आहे असा ठोस पुरावा नाही. म्हणजे गुण नावात नसून नित्यनेमात आहे. शिवाय हे चित्रे पाहून घरी करावयाचे नव्हे. हाडे ठिसूळ झालेल्या वडीलधाऱ्या स्त्रियांस पुढे वाकण्याचे प्रकार अपायकारक ठरू शकतात. पाय बधिर होणे, लघवीवरचा ताबा सुटणे, दुखण्याबरोबर ताप येणे, असे काही दिसल्यास आधी डॉक्टरांकडेच जावे.

आज रोज सकाळी वीस मिनिटे मी हा अभ्यास करतो. गादीवरून अर्ध्या तासाने उठून गोदामापर्यंत एक फेरी घालतो. कंबर अधूनमधून कुरकुरते. परंतु गेल्या पर्युषणात पुन्हा कटासणे अंथरून मी ४८ मिनिटे पुरी केली.

एक गोष्ट मात्र मनास टोचते. माझी पाठ नुसती बसून गेली. मग आयुष्यभर आपली पोती वाहणाऱ्या हमालबंधूंच्या पाठीचे काय? पूर्वी शंभर किलोचे पोते ते एकट्याने उचलीत. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली होती. पोती लहान भरावी, हातगाड्या ठेवाव्या आणि वर्षातून एकदा हमालांची पाठ तपासून घ्यावी, इतके आपल्या संघास अशक्य नाही. आपला व्यापार ज्यांच्या कण्यावर उभा आहे, त्यांचा हिशेबही आपल्याच वहीत मांडला पाहिजे.