जुनी, जोरकस आणि रोजची
लेखमाला : सेकंडहँड गाडी घेताना (लेखांक 7)

गेल्या आठवड्यात आपण जुन्या डिझेल गाड्यांचे आयुष्य पाहिले. या वेळी पेट्रोल टर्बो, म्हणजे चालवणाऱ्याला मनापासून आनंद देणाऱ्या गाड्या. निमित्त आहे एका वाचकाच्या पत्राचे. ते पुण्याचे. बदलीमुळे नोकरी म्हैसूरला, आणि घर घेतले आहे टी. नरसीपूरला. घरात आई-वडील, पत्नी आणि शाळेत जाणारी मुलगी. पुण्यात त्यांनी 2017 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस पाहून ठेवली आहे आणि विचारतात, ‘रोज वापरायला घ्यावी का?’

गाडीची निवड शोरूमच्या झगमगाटात किंवा यूट्यूबच्या व्हिडिओत होत नाही, ती ज्या रस्त्यावर रोज धावणार त्या रस्त्यावर होते. म्हणून आधी रस्ता बघू.

टी. नरसीपूर हे कावेरी आणि कपिला यांच्या संगमावरचे तालुक्याचे गाव. म्हैसूरपासून साधारण तीस किलोमीटर. दर तीन वर्षांनी संगमावर कुंभमेळा भरतो, तो 2025 च्या फेब्रुवारीतही भरला होता. गावातून जाणारा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 766. हा कोझिकोडहून निघतो, बंडीपूरच्या जंगलातून नंजनगूड आणि म्हैसूर गाठतो आणि टी. नरसीपूरवरून कोल्लेगालला जातो. बंडीपुरात तो रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, पण म्हैसूर ते नरसीपूर हा तुकडा दिवसरात्र वाहता. दोन्ही बाजूंना कालव्याच्या पाण्यावरचे भात आणि ऊस. त्यामुळे रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली, उसाचे ट्रक, खासगी बस आणि दुचाक्या सगळे एकत्र असतात.

29 मे 2023 रोजी याच महामार्गावर, टी. नरसीपूर तालुक्यातल्या कुरुबूर गावाजवळ, खासगी बस आणि इनोव्हा समोरासमोर धडकल्या. दहा माणसे गेली. त्या अपघाताची कारणमीमांसा करण्याचे हे ठिकाण नव्हे. पण या रस्त्यावर गाडी घेऊ पाहणाऱ्याने तो लक्षात ठेवावा, एवढे मात्र मला ठामपणे सांगायचे आहे.

कारण ‘परफॉर्मन्स’चा खरा अर्थ अशा रस्त्यावर उलगडतो. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हा आकडा नरसीपूरच्या रस्त्यावर कधीच कामाला येत नाही. कामाला येतो तो चाळीस ते नव्वदचा वेळ. तुम्ही ट्रॅक्टरच्या मागे आहात, समोरून बस येते आहे. तुमची गाडी ताशी 80 ने धावत असेल तर सेकंदाला 22 मीटर कापते, बसही तेवढेच. दोघांमधले अंतर दर सेकंदाला 44 मीटरने घटते. ओव्हरटेक दोन सेकंद लवकर पूर्ण झाला, तर जवळपास 90 मीटर रस्ता शिल्लक राहतो. चांगल्या इंजिनासाठी जास्त पैसे मोजण्याचे समर्थन मी एवढ्यावरच करतो. आणि ते अंतर दिसत नसेल तर मागेच थांबायचे, मग बॉनेटखाली कितीही ताकद असो.

ही ताकद कमी फेऱ्यांवर मिळायला हवी. टर्बो पेट्रोलचा फायदा तोच. एक्झॉस्टच्या वायूने फिरणारे छोटे टर्बाइन इंजिनात जास्त हवा दाबते, त्यामुळे लहान इंजिन दीड-दोन हजार आरपीएमलाच पूर्ण टॉर्क देते. फोक्सवॅगन पोलोचे 1.0 लिटर टीएसआय इंजिन 1,750 आरपीएमपासून 175 न्यूटन-मीटर देते. स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टसचे 1.5 लिटर इंजिन 1,600 पासून 250. गिअर न बदलताही गाडी पुढे सरकते, आणि हीच गोष्ट रोजच्या प्रवासात माणसाला कमी थकवते.

आता रस्त्याची दुसरी बाजू, जी पुण्या-मुंबईच्या वाचकाला सहसा माहीत नसते. सुगीत जुन्या म्हैसूर भागातले शेतकरी कुळीथ, नाचणी यांसारखी कापणी केलेली पिके डांबरावर पसरतात. गाड्यांच्या चाकांखाली मळणी होते. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, खळी उरली नाहीत आणि मजूर मिळत नाहीत. पण गाडीवाल्यासाठी हा गंभीर धोका आहे. दुचाकी घसरते, ब्रेक लागत नाहीत आणि वाळलेला पाला गाडीच्या पोटाखाली गुंडाळला जातो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चालू गाडीत कित्येक शे अंश तापतो. पोटाखाली अडकलेल्या काडीने पेट घेऊन कर्नाटकात गाड्या जळाल्या आहेत. ‘थोडी खाली बसवलेली’ स्पोर्टी गाडी अशा वेळी सर्वात आधी काडी ओढून घेते. टर्बोमुळे एक्झॉस्टची उष्णताही जास्त. सुगीच्या दिवसांत पसरलेल्या पिकावरून जाणे टाळा. टाळता आले नाही तर पुढे मोकळी जागा दिसताच थांबा, इंजिन बंद करा आणि वाकून खाली पाहा. काडी हाताने ओढू नका, कन्व्हर्टर थंड होऊ द्या.

म्हणजे या रस्त्याला हवी आहे कमी आरपीएमवर जोर देणारी, पोट उंच असलेली, टायरची भिंत जाड असलेली गाडी. याच कसोटीवर पत्रातली ऑक्टाव्हिया आरएस पाहू.

मला ती गाडी फार आवडते, आधीच सांगतो. 2017 ची आरएस 230 म्हणजे 2.0 लिटर टर्बो, 230 पीएस, 350 न्यूटन-मीटर. भारतात सुरुवातीला फक्त 500 गाड्या आल्या. मागचे दार छतापासून उघडते आणि डिकी 590 लिटरची, त्यामुळे कुटुंबाचे सामान, आई-वडिलांचे पाय आणि मुलीचे दप्तर सगळे आरामात मावते. ‘वेगवान पण घरगुती’ या वर्णनाला आपल्याकडे आजवर इतकी चपखल गाडी क्वचितच झाली. पण तिचे टायर 225/45 आर17 आहेत. भिंत म्हणजे 225 च्या 45 टक्के, जेमतेम 101 मिलिमीटर. 2020 मध्ये आलेल्या 200 गाड्यांच्या आरएस 245 मध्ये तर 225/40 आर18, म्हणजे 90 मिलिमीटर. त्याउलट स्लाव्हियाच्या 205/55 आर16 टायरची भिंत 113 मिलिमीटर. कडेला तुटलेल्या डांबरावर आणि न रंगवलेल्या गतिरोधकावर हा फरक रिमच्या किमतीत मोजावा लागतो.

पुढची गोष्ट देखभालीची. रोज साठ किलोमीटर, म्हणजे वर्षाला अठरा हजारांच्या आसपास. आरएसचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ओल्या क्लचचा आहे आणि त्याचे तेल साठ हजार किलोमीटरला बदलायचे असते. पहिल्या मालकाने ते टाळले असेल, तर बिल तुमच्या वाट्याला. त्या गाडीचे खास सुटे भाग मोजक्याच गाड्यांसाठी लागतात, त्यामुळे कोणी स्टॉकवर ठेवत नाही. दुरुस्तीसाठी म्हैसूर गाठावे लागणार आणि ज्या दिवशी गाडी वर्कशॉपमध्ये, त्या दिवशी ऑफिसला बस. म्हणून उत्तर असे: घरात दुसरी गाडी असेल आणि रविवारी सोमनाथपूर, तलकाडला जायला हवी असेल तर जरूर घ्या. रोजची एकमेव गाडी म्हणून नको.

मग काय घ्यावे? आपल्या मराठी मुलुखात या बाबतीत मोठा खजिना तयार झाला आहे. चाकणच्या कारखान्यात 2022 पर्यंत पोलो बनली, रांजणगावला फियाटने 2015 मध्ये अबार्थ पुंटो आणली. 1.4 टी-जेट, 145 अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क. तिचे स्टीअरिंग धरलेला माणूस आयुष्यभर तिची आठवण काढतो. पण फियाट ब्रँडच आपल्याकडून गेला. सुटे भाग शोधत फिरायची तयारी आणि ओळखीचा मिस्त्री असेल तरच तिच्या वाटेला जा. कोइमतूरच्या जयेमने टाटांसोबत 2018 मध्ये घडवलेली टियागो जेटीपीही अशीच, 114 पीएस, किमतीने परवडणारी आणि बीएस6 आल्यावर बंद. तिचे बरेचसे भाग साध्या टियागोचेच असल्याने ती अबार्थपेक्षा सोपी. मारुतीची बलेनो आरएस 102 पीएसची, वजनाने हलकी, मागेही डिस्क आणि गावोगावी मारुतीचा मेकॅनिक. तिची चर्चा फार झाली नाही, पण रोजच्या वापरासाठी मी ती या तिघींत वर ठेवीन.

पोलोबद्दल थोडे सविस्तर. जीटी टीएसआय 2013 मध्ये आली ती 1.2 लिटर, 105 पीएस आणि सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीसह. हा गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर सुरेख आणि खोळंबलेल्या गर्दीत हळवा. पुण्यातल्या हिंजवडी रस्त्यावर पाच वर्षे मुंगीच्या पावलांनी सरकलेली पोलो दुरून चकचकीत दिसते, पण तिच्या क्लचची गोष्ट वेगळी असते. 2020 नंतरची 1.0 टीएसआय 110 पीएस, आणि तिच्यात सहा गिअरचा मॅन्युअल मिळतो. मी तोच सुचवीन. अडचण एकच, डिकी फक्त 280 लिटरची आणि मागे आई-वडील व मुलगी तिघे बसले तर गर्दी होते. पाच जणांच्या घराला ती कमी पडेल.

म्हणून आपल्या वाचकाला माझे उत्तर: स्लाव्हिया 1.5, मॅन्युअल. 2022 पासून चाकणला बनते, 150 पीएस, 521 लिटरची डिकी, ग्राउंड क्लिअरन्स 179 मिलिमीटर, ग्लोबल एनकॅपचे पाच तारे. सरळ रस्त्यावर हलका पाय असेल तेव्हा चारपैकी दोन सिलिंडर आपोआप विश्रांती घेतात आणि पेट्रोल वाचते. व्हर्टस जीटीही तीच यंत्रणा. मागे डिस्कऐवजी ड्रम आहेत, हे खटकते, पण तडजोड करावी. शक्य असेल तर एप्रिल 2023 नंतरची गाडी शोधा. त्या तारखेपासून बनलेल्या गाड्यांचे रबर आणि धातूचे भाग वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालतील असे केलेले आहेत.

गाडी बघताना सर्वात आधी एकच प्रश्न विचारा: ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, रिमॅप केला आहे का? टर्बो गाड्यांच्या तरुण मालकांमध्ये ‘स्टेज वन’ हा नेहमीचा शब्द. सॉफ्टवेअर बदलून तीस-चाळीस अश्वशक्ती वाढवतात, विकताना परत जुने सॉफ्टवेअर भरतात. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सने सोसलेला ताण मात्र परत जात नाही. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो. कोन फिल्टर, वेगळा डाउनपाइप, जाडजूड एक्झॉस्ट दिसला की हात जोडून निघून या. मी ‘पूर्ण स्टॉक’ गाडीसाठी पन्नास हजार जास्त मोजायला आनंदाने सांगेन.

गाडी थंड असताना बघायला जा, मालकाला आधी सुरू करू देऊ नका. सुरू होताना निळसर धूर आला तर तेल जळते आहे. टर्बोची दांडी मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या वर फिरते आणि तिला वंगण देणारे तेल वेळेवर बदलले गेले नसेल तर तीच आधी मरते. म्हणून ऑइल चेंजची बिले तारखेसह मागा, नुसता सर्व्हिस बुकचा शिक्का पुरत नाही. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे असतील तर का, ते विचारा. ओबीडी स्कॅन करून घ्या. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय टोकन देऊ नका.

शेवटी कागद. महाराष्ट्राची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याचे कलम 47 तसे सांगते. त्यासाठी पुण्याच्या आरटीओची एनओसी (नमुना 28), बँकेचा बोजा उतरवल्याचा नमुना 35, मालकी बदलाचे नमुने 29 आणि 30. कर्नाटकाचा आजीवन कर देशातल्या जड करांपैकी आहे: मूळ किमतीनुसार साधारण 13 ते 18 टक्के, वर उपकर. गाडीच्या वयानुसार तो कमी होतो, तरी गाडी किमतीत स्वस्त पडली म्हणून पुण्यातून नेणाऱ्याचा बराचसा फायदा इथे संपतो. महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो अर्ज मूळ मालकाच्या सहकार्याशिवाय पुढे सरकत नाही. ते सहकार्य सौद्याच्या वेळीच लेखी घ्या. विम्याचे हस्तांतर चौदा दिवसांत करा. आणि नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, विकणाऱ्याचा असतो, तो तुम्हाला मिळणार नाही.

हे सगळे धरून, बंगळूर किंवा म्हैसूरमध्येच केए नंबरची, एकाच मालकाची, स्टॉक स्लाव्हिया मिळत असेल तर पुण्यातल्या गाडीपेक्षा लाखभर महाग असली तरी तीच घ्या. वाचकांनो, तुमच्याकडे अशा गाडीच्या आंतरराज्य हस्तांतराची कागदपत्रे असतील, तर कराची पावती आणि लागलेला वेळ जरूर कळवा. पुढच्या लेखांकात आपण जुन्या गाडीच्या विम्याचा विषय घेणार आहोत.