पाया बदलला तरी मूळ ते मूळच

गैरसमज: दशमान पद्धतीत मूळ असलेली संख्या दुसऱ्या पद्धतीत संयुक्त होऊ शकते.

दशमानातली २१ संयुक्त आहे, ३ गुणिले ७. पण पाया ३ धरून लिहिलेली २१ म्हणजे बे त्रिक सहा, अधिक एक, म्हणजेच सात. आणि सात तर मूळ. घोटाळा इथेच होतो. ‘पाहा, पाया बदलला आणि २१ मूळ झाली!’ तसं काही झालेलं नाही. अंक तेच राहिले, संख्या दुसरी आली.

तेरा चिंचोके घ्या आणि सारख्या लांबीच्या रांगांत मांडून पाहा. एकच लांब रांग, नाहीतर एकेकाच्या तेरा रांगा; तिसरा मार्ग नाही. मूळ असणं म्हणजे एवढंच. हेच तेरा द्विमान पद्धतीत ११०१ होतात, अष्टमानात १५ आणि षोडशमानात नुसतं ‘डी’. आपल्याला कोण कुठल्या पद्धतीत मोजतंय, याचा चिंचोक्यांना पत्ताही नसतो.

पायाबरोबर बदलतात त्या कसोट्या. ‘शेवटी ५ असेल तर पाचाने भाग जातो’ हा शाळेत पाठ केलेला नियम दहाच्या पायापुरता. अष्टमानातल्या १५ च्या शेवटी पाच आहे, पण ती तेरा. पाचाने भाग कसा जाणार? अंकांच्या बेरजेवरून नवाची विभाज्यता कळते, तीही दहा म्हणजे नऊ अधिक एक, शंभर म्हणजे नव्याण्णव अधिक एक म्हणूनच. अष्टमानात तो मान सातला मिळतो. तिथली २५ घ्या: अंकांची बेरीज सात, आणि संख्या आपली एकवीस. पाया ५ मध्ये तर शेवटच्या अंकावरून सम-विषमही ओळखता येत नाही. तिथे ११ म्हणजे सहा, १२ म्हणजे सात.

‘एक तृतीयांश पूर्ण लिहिताच येत नाही’ असंही अनेकांना वाटतं. दोष तृतीयांशाचा नाही, दहाचा आहे. आपला जुना रुपया आठवा. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्याचा तिसरा हिस्सा पाच आणे चार पै. ना कमी, ना जास्त. १ एप्रिल १९५७ ला रुपया शंभर नव्या पैशांचा झाला आणि तिघांत वाटायला बसलं की एक पैसा उरू लागला. उलट पाचवा हिस्सा आता नेमका वीस पैसे. पूर्वी तो अडतीस पैंवर थोडा लोंबकळत असे. कारण १९२ मध्ये मूळ अवयव फक्त २ आणि ३ आहेत, १०० मध्ये २ आणि ५. आणे-पै ही काही एकाच पायाची पद्धत नव्हती, पण नियम तोच: अपूर्णांक संक्षिप्त रूपात मांडल्यावर छेदाचे सगळे मूळ अवयव पायातही असतील, तरच तो थांबतो. पाया १२ घेतला तर एक तृतीयांश ०.४ वर संपतो आणि एक पंचमांश कधीच संपत नाही.

काही गैरसमज झटपट निकालात काढू. १ मूळ नाही. तिला मूळ मानलं तर प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हा पायाभूत नियमच मोडतो. २ सम असूनही मूळ. ५१ आणि ९१ दिसायला मूळ वाटतात, पण ५१ म्हणजे ३ गुणिले १७ आणि ९१ म्हणजे ७ गुणिले १३.

‘नुसते एक लिहीत गेलं की मूळ संख्या मिळते’ हेही तसंच. १११ द्विमानात सात, म्हणून मूळ. दशमानात ३ गुणिले ३७. द्विमानात एकांची संख्या मूळ असली तरी खात्री नाही: अकरा एक म्हणजे २०४७, म्हणजेच २३ गुणिले ८९. मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, तोवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या याच जातीची. द्विमानात ती म्हणजे ओळीने १३,६२,७९,८४१ एक; दशमानात ४,१०,२४,३२० अंक. ‘ज्ञात’ हा शब्द गाळू नका. मूळ संख्यांना अंत नाही, हे युक्लिडने कधीच सिद्ध केलं आहे.

आपल्या देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांची ६१७४ मात्र खरोखर अंकांच्या मांडणीतून येते. सगळे सारखे नसलेले चार अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढता क्रम वजा करा. असं करत गेलात की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर पोचता. पाया बदलला की ६१७४ ची ही जादू तिथे चालत नाही; चाललीच तर दुसऱ्या संख्येची चालते. पण ६१७४ चे मूळ अवयव २, ३, ३, ७, ७, ७ कुठल्याही पायावर तेच. आणि दुसरी संख्या कशी, ते पाहायला पाया ५ मध्ये ३०३२ घेऊन बघा: ३३२० मधून ०२३३ वजा केले की पुन्हा ३०३२. फक्त हातचा दहाचा नाही, पाचाचा घ्यायचा.