दोन किल्ल्या

बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. ती दुसरी किल्ली मी कितीतरी वर्षे सांभाळली. म्हणूनच असेल, कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या एका मोजणीची हकिकत वाचली, तेव्हा ती मला आपल्याच खात्यातली वाटली.

विश्वकिरणांचा मारा आपल्यावर अहोरात्र चालू असतो. त्यातले म्यूऑन नावाचे कण दगड भेदून खोल जातात. किती खोल, हे पाहायला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसे या खाणीत उतरली. जसजसे खाली जावे तसतशी मोजणी घटे. साठच्या दशकाच्या आरंभी पावणेतीन किलोमीटर खोलीवर तर सुमारे दोन महिन्यांत एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. दुसरा कोणी हात हलवीत परतला असता. यांनी ओळखले, की एवढी शांतता असेल तर न्यूट्रिनोची चाहूल इथेच लागेल. जपानी व इंग्रज शास्त्रज्ञांच्या साथीने १९६५ मध्ये ती लागलीही. (त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतही लागली. सोन्याचा आणि या कणांचा काय ऋणानुबंध आहे कोण जाणे!)

पण शांतता तरी कसली? खडकात युरेनियम, थोरियम असते, फटींतून रेडॉन वायू झिरपतो. तुमच्या-आमच्या हाडामांसातही किरणोत्सारी पोटॅशियम आहेच. यंत्राला हे सगळे ऐकू येते. म्हणून तिथे दोन किल्ल्यांचीच युक्ती. वेगवेगळे ठेवलेले दोन गणक एकाच क्षणी बोलले तरच नोंद धरायची. खडकातला गॅमा किरण बहुधा एकाच गणकाला जागे करतो, आरपार जाणारा कण दोघांना.

त्याहून बारीक हिशेबाला हेही पुरत नाही. इटलीत ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेवर १,४०० मीटर खडकाचे छप्पर आहे, तरी यंत्राला शिशाचे चिलखत लागते. आणि नवे शिसे स्वतःच थोडे किरणोत्सारी! त्यातले शिसे-२१० दर बावीस वर्षांनी निम्मे होते. तेव्हा जुने शिसे शोधा. सार्डिनियाजवळ बुडालेल्या रोमन जहाजातल्या, दोन हजार वर्षांच्या १२० लाद्या २०१० मध्ये त्यांना मिळाल्या. त्यांवरची अक्षरे कापून जतन केली आणि उरलेले शिसे वितळवायला दिले. काही पुरातत्त्वज्ञांना ते रुचले नाही. खरे सांगायचे तर, मलाही चुटपुट लागली.

कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. खालच्या बोगद्यांत आता पाणी भरले आहे.